कागद कुणाकडे थांबला?

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयात एखादी फाइल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर जास्तीत जास्त किती दिवस राहू शकते, हे कायद्यात लिहिलेलं आहे : कामाचे ७ दिवस. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन करणारा आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५चा जो अधिनियम आहे, त्याच्या दहाव्या कलमात ही मुदत येते. ‘तात्काळ’ शेऱ्याची फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हातावेगळी व्हावी, तातडीची ४ दिवसांत. दुसऱ्या खात्याचा अभिप्राय लागत नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, लागत असेल तर ३ महिन्यांत. फाइल सादर होण्याचे टप्पे तीनपेक्षा जास्त नसावेत, असंही हाच कायदा सांगतो. जाणूनबुजून केलेली दिरंगाई शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरते.

हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. पण तो वाचताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की हे ७ दिवस मोजायचे कसे? कागद कोणत्या दिवशी आला, कुणाच्या हाती पडला, तिथून कधी हलला, हे कुठेतरी नोंदलेलं असल्याशिवाय दिरंगाईचा आरोप सिद्ध होत नाही आणि खोट्या आरोपातून कुणाची सुटकाही होत नाही. कंपन्यांना आणि सरकारांना ‘वर्कफ्लो’, ‘डॉक्युमेंट मॅनेजमेंट’ या नावांनी जी सॉफ्टवेअर विकली जातात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. जाहिरातींत भाषा वेगाची असते : आठवड्याचं काम तासात, कागदविरहित कार्यालय, एका क्लिकवर मंजुरी. वेग येतोही. पण या यंत्रणांचा खरा गुण मला दुसराच दिसतो. कागद कुणाकडे थांबला आहे आणि कशासाठी, हे त्या सांगू शकतात. ते कुणाला सांगायचं, हे मात्र माणसं ठरवतात.

संगणकाआधीही ही व्यवस्था होती आणि नीट पाळली तर चांगली होती. टपाल आलं की आवक शाखेत शिक्का, क्रमांक आणि तारीख. तिथून ते संबंधित संकलनाकडे जाई. प्रत्येक लिपिकाकडे कार्यविवरण नोंदवही असे. आलेला प्रत्येक कागद तिच्यात चढवायचा, निकाली निघाला की तशी नोंद घ्यायची, आणि आठवडा संपला की गोषवारा काढून वरिष्ठांपुढे ठेवायचा : मागील शिल्लक, नवीन आवक, निर्गती, अखेर शिल्लक. आज कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थापकासमोरच्या डॅशबोर्डवर रंगीत चौकोनांत हेच चार आकडे झळकत असतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची घडीच नव्याने बसवली. अभिलेखांचं वर्गीकरण, टेबलांची मांडणी, कामाची वाटणी, सगळ्याचा त्यांनी विचार केला. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गेला आणि आजही प्रशिक्षणात त्याचं नाव निघतं. त्याच्याच जोडीला महसूल खात्यात सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकवली जाते. लिपिकाने आपल्या टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. पहिल्यात स्वतः कार्यवाही करायची आहे अशी प्रलंबित प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण पत्र पाठवलं आहे, उत्तर यायचं आहे अशी. तिसऱ्यात नियतकालिकं, ठरावीक दिवशी वर पाठवायचे अहवाल. चौथ्यात स्थायी आदेश संचिका. पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणं. आणि सहाव्यात ‘ड’ वर्गाचे, मुदत संपताच नष्ट करायचे कागद.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाने हे सहा गठ्ठे पाठ करावेत, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दोन गठ्ठ्यांतला फरक तर फारच बारकाईचा आहे. ‘मी अजून काम केलेलं नाही’ आणि ‘मी माझं काम केलं, आता दुसऱ्याची वाट पाहतोय’ या दोन अवस्था वेगळ्या ठेवल्या की जबाबदारी आपोआप योग्य माणसाकडे जाते. कित्येक महागड्या प्रणालींत या दोन्हींना ‘पेंडिंग’ हा एकच शब्द असतो, आणि मग लिपिक बिचारा दुसऱ्याच्या विलंबाची उत्तरं देत बसतो. चौथा गठ्ठा म्हणजे कोणता नियम आज लागू आहे याचं उत्तर. पाचवा आणि सहावा म्हणजे काय ठेवायचं, किती काळ ठेवायचं आणि काय टाकायचं याचं उत्तर. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ ५ किंवा १० वर्षांचा, ‘ड’ वर्षभराचा. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ ही मोहीम चालवली, तिची सुरुवातसुद्धा गठ्ठे सोडून कागद लावण्यापासूनच होती. आधी कागद लावा, मग यंत्र आणा. हा क्रम उलटा झाला की पसारा तसाच राहतो, फक्त तो पडद्यावर जातो.

२१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटलेली आग वर सातव्या मजल्यापर्यंत गेली. पाच माणसं गेली. फाइलींचे ढीग जळाले. ज्याची फाइल जळाली त्याच्यासाठी तो निव्वळ कागद नव्हता. कुणाची पदोन्नती, कुणाच्या जमिनीचं अपील, कुणाच्या संस्थेचं अनुदान त्यात होतं. त्यानंतर फाइलींचं डिजिटल रूप ही चैन राहिली नाही, ती गरज झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेली ई-ऑफिस प्रणाली राज्याच्या विभागांत टप्प्याटप्प्याने आली आणि २०२३ पासून तिचा आग्रह जोरात धरला गेला.

ई-ऑफिसची रचना जुन्या फाइलीवरच बेतलेली आहे, आणि ते शहाणपणाचं झालं. कागदी फाइलीसारखेच टिपणी भाग आणि पत्रव्यवहार भाग तिच्यातही वेगळे. टिपणी आधी पिवळ्या पानावर कच्ची लिहिता येते, बदलता येते. हिरव्या पानावर चढून फाइल पुढे गेली की मग तिच्यात खाडाखोड नाही. कोणत्या मिनिटाला फाइल आली, कुणी उघडली, कुणाकडे गेली, सगळं मागे उरतं. कागदी फाइलीतलं एखादं पान काढून घेता येई, मागची तारीख टाकता येई. इथे ते सहजासहजी जमत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिलेलीच होती. आता शासन निर्णयांच्या शेवटी संकेतांक असतो आणि ते डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊन निघतात.

पण सात दिवसांच्या कायद्याला वळसा घालायची वाट जुन्या फाइलीत होती, ती नव्या फाइलीतही आहे. ‘चर्चा करावी’, ‘तपासून पुनःसादर करावे’, ‘नियमातील तरतूद नमूद करावी’. यांतला प्रत्येक शेरा कधी ना कधी रास्तच असतो. कच्च्या टिपणीवर सही करणारा अधिकारी धोक्याचा. मात्र असा शेरा मारला की फाइल त्या टेबलावरून हलते आणि त्या माणसापुरते दिवस पुन्हा शून्यापासून सुरू होतात. दहा टेबलांनी प्रत्येकी तीन दिवस घेतले आणि फाइल दोनदा खाली येऊन वर गेली, तर कुणीही आपली सात दिवसांची मुदत मोडलेली नसते आणि अर्जदाराचे दोन महिने गेलेले असतात. म्हणून टेबलागणिक दिवस मोजणं पुरेसं नाही. अर्ज आल्यापासूनचे एकूण दिवस आणि फाइल किती वेळा मागे फिरली, हे दोन आकडे पहिल्या पानावर हवेत. हे मोजायला यंत्राला काही कष्ट पडत नाहीत. मोजायचं ठरवावं लागतं.

उद्योगांत ही सॉफ्टवेअर सरकारच्या बरीच आधी आली. १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या फाइलनेटने कागदाची प्रतिमा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठवणाऱ्या यंत्रणा बँका आणि विमा कंपन्यांसारख्या कागदांनी वेढलेल्या धंद्यांत नेल्या. २००६ मध्ये ती कंपनी आयबीएमने घेतली. आपल्याकडे १९९२ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या न्यूजेनची सॉफ्टवेअर अनेक बँकांत आहेत. पण मला या विषयाचं महत्त्व बँकेपेक्षा वर्कशॉपमध्ये जास्त स्पष्ट दिसतं.

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीतलं कोणतंही लहान युनिट घ्या. मोठ्या वाहन कंपनीसाठी सुटे भाग बनवायचे. कंपनीकडून ड्रॉइंग येतं, त्यावर रिव्हिजनचं अक्षर असतं. सहा महिन्यांनी एका छिद्राचा व्यास किंवा एका कडेचा कोन बदलतो, नवी रिव्हिजन येते. ती ऑफिसातल्या ई-मेलवर येते, आणि सीएनसी मशीनशेजारी क्लिपला लावलेलं ड्रॉइंग मात्र जुनंच राहतं. सेटर त्याच्यावर भरवसा ठेवून माल काढतो. माप चोख, फिनिश चोख, आणि सगळा लॉट परत. कामगाराच्या कौशल्यात खोट नव्हती, मशीनमध्ये नव्हती. चुकीचा कागद बरोबर ठिकाणी लावलेला होता. १९८७ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या आयएसओ ९००१ मानकात दस्तऐवजांवर नियंत्रण ठेवण्याला एवढं महत्त्व आहे ते यासाठीच. ‘कंट्रोल्ड कॉपी’चा शिक्का, वाटप झालेल्या प्रतींची यादी, जुनी प्रत परत घेऊन रद्द करण्याची नोंद. सॉफ्टवेअर हेच काम करतं : नवी रिव्हिजन मंजूर झाली की जुनी दिसेनाशी होते आणि मशीनशेजारच्या पडद्यावर एकच ड्रॉइंग उरतं. पाच-दहा मशिनांच्या मालकाला ‘डॉक्युमेंट मॅनेजमेंट’ म्हणजे काय ते एवढ्यात समजतं. त्यासाठी त्याने फार मोठी प्रणाली घ्यावी असंही नाही. एकच फोल्डर, एकच माणूस तो बदलणारा, आणि प्रिंट काढायची झाल्यास तारखेसह, इतकी शिस्तसुद्धा पुष्कळ लॉट वाचवते.

माल चांगला निघाला, पोचला, तरी त्याच युनिटची पुढची वाट बिलाची असते. मोठ्या कंपनीत बिल मंजूर होताना तीन कागद जुळावे लागतात : पर्चेस ऑर्डर, माल आवक झाल्याची जीआरएन आणि पुरवठादाराचं बिल. संख्या जुळली, दर जुळला, तपासणीत माल पास झाला, की सॉफ्टवेअर ते पैसे देण्याच्या रांगेत लावतं. एक जरी आकडा जुळला नाही तर बिल बाजूला पडतं. बाजूला पडलेलं बिल पुरवठादाराला दिसत नाही. तो फोन करतो, स्टोअर्सवाला म्हणतो अकाउंट्सकडे आहे, अकाउंट्सवाला म्हणतो क्वालिटीची सही नाही. कंपनीच्या आत सगळं स्वयंचलित, आणि ज्याचे पैसे अडकलेत तो मात्र दारात.

कायदा त्याच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या अधिनियमाने करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे ‘क्वालिटीची सही नाही’ या उत्तराला कायद्यापुढे पंधरा दिवसांनंतर किंमत नाही. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजावटीला धरायचा, अशी तरतूद आयकर कायद्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आली, आणि त्या मार्चअखेरीस किती तरी अकाउंट्स विभागांना आपल्या रांगेत काय पडून आहे हे पाहावं लागलं. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत चालणाऱ्या ट्रेड्‌स या मंचांवर खरेदीदाराने बिल स्वीकारल्याचं उघडपणे नोंदवलं की पुरवठादाराला ते बिल बँकेकडून वटवता येतं. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी आता बंधनकारक आहे. मला यातली वित्तपुरवठ्याची बाजू दुय्यम वाटते. कंपनीच्या भिंतीआड असलेला स्वीकृतीचा टप्पा बाहेरून दिसू लागला, ही त्यातली मोठी गोष्ट.

थांबलेल्या कागदाचं मौन संमती मानायचं, हा उपाय बँकांनीही नुकताच स्वीकारला. धनादेश पूर्वी पोत्यांतून क्लिअरिंग हाउसला जात. चेक ट्रंकेशन पद्धत २००८ मध्ये दिल्ली परिसरात सुरू झाली आणि मग चेन्नई, मुंबई असा तिचा विस्तार झाला. आता धनादेश भरलेल्या शाखेकडेच राहतो, पुढे जातात त्याच्या तीन प्रतिमा, दर्शनी बाजूच्या दोन आणि मागची एक. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसातून ठरावीक वेळी गठ्ठ्याने वटवण्याऐवजी प्रतिमा येतील तशा पुढे पाठवणं सुरू झालं. पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही ते कळवायचं. न कळवल्यास धनादेश पास झाला असं धरायचं. गप्प बसण्याचा तोटा आता गप्प बसणाऱ्याला आहे, ग्राहकाला नाही. ही दिशा योग्य आहे, कारण इथे गप्प बसणारी एक सुसज्ज बँक आहे. तिच्याकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत, सही पडताळायची सोय आहे.

जमिनीच्या नोंदीकडे वळताना हाच नियम मला अस्वस्थ करतो. तिकडे जाण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला त्या भोवतात.

पहिली शोधण्याची. स्कॅन करून ठेवलेला कागद म्हणजे सापडणारा कागद नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित होते. पण गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहकाऱ्यांना घेऊन ते चाळले, निवडले आणि १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले, तेव्हा त्यांतलं बरंच काही अभ्यासकांच्या हाती आलं. आपल्या संगणकांतही असे रुमाल पडून आहेत. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टाइप होत असे. प्रत्येकाची अंतर्गत संकेतरचना निराळी. तो फॉन्ट नसेल तर त्या फाइलीत अर्थहीन रोमन चिन्हं दिसतात, आणि ‘भूसंपादन’ शोधलं तर काहीच हाती लागत नाही. सहकारी बँकांची वीस वर्षांपूर्वीची कर्जप्रकरणं, संस्थांची इतिवृत्तं, नगरपालिकांचे ठराव या अवस्थेत आहेत. ते युनिकोडमध्ये आणून तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. नवी प्रणाली घेताना त्यासाठी पैसा आणि माणसं बाजूला काढली नाहीत, तर प्रणाली कोरी चालू होते आणि संस्थेची स्मृती मागे राहते. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची जबाबदारी टाकली त्याला २०२५ मध्ये २० वर्षं झाली.

दुसरी गोष्ट सहाव्या गठ्ठ्याची. कागद जागा अडवतो, म्हणून कधी ना कधी तो नष्ट करायची वेळ येते. संगणकातला दस्तऐवज जागा अडवत नाही, म्हणून कुणीच काही काढत नाही. नोकरीसाठी अर्ज केलेल्या आणि न निवडलेल्या मुलांची आधार कार्डं, जुन्या भाडेकरूंचे फोटो, उपचार संपलेल्या रुग्णांचे अहवाल वर्षानुवर्षं सर्व्हरवर असतात आणि एखाद्या दिवशी चोराच्या हाती लागतात. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलं नसेल, तर ती पुसायची, असं त्यात आहे. आज बाजारात प्रणाली विकत घेणाऱ्या उद्योजकाने ‘किती साठवता येतं’ यापेक्षा ‘ठरलेल्या दिवशी खरंच पुसलं जातं का, आणि पुसल्याची नोंद मिळते का’ हे आधी विचारावं. आणि प्रणाली बदलायची ठरवली तर सगळे दस्तऐवज त्यांच्या तारखा-शेऱ्यांसह परत मिळतील का, हेही करारावर सही करण्याआधी लिहून घ्यावं.

आता सातबारा. अडीच कोटींहून जास्त सातबारे असलेल्या या राज्यात ई-फेरफार ही कागदाच्या वाटचालीची बहुधा सगळ्यात खोलवर पोचलेली प्रणाली असेल, गावातल्या शेवटच्या खातेदारापर्यंत. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे झाली की नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीतून माहिती ई-फेरफारकडे जाते. पूर्वी हीच सूचना पोचायला वेळ लागे आणि खरेदीदार दस्ताची नक्कल घेऊन तलाठ्याच्या सज्जाला खेपा घाली. आता तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यावरून फेरफार तयार करतात, गाव नमुना ६ मध्ये नोंद होते, हितसंबंधितांना नमुना ९ची नोटीस निघते, चावडीवर आणि ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर ती लागते. १५ दिवस हरकतीसाठी. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. बँकेचा बोजा चढवणं, उतरवणं, वारस नोंद यांसाठी ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यापासून पीककर्जाच्या हंगामातली सज्जासमोरची रांग कमी झाली, हे ज्याने ती रांग पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही.

यंत्रात जाण्याआधी हस्तलिखित सातबारे टाइप झाले, तेव्हा चुकाही टाइप झाल्या. क्षेत्राचा दशांश सरकला, एखादं नाव गळलं. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी चुका सांगायच्या, त्या दुरुस्त करायच्या. प्रणाली तपासण्याच्या ज्या ज्या पद्धती मला माहीत आहेत, त्यांत याइतकी साधी आणि आदर वाटावा अशी दुसरी नाही. ज्याची माहिती आहे त्यालाच ती वाचून दाखवली. जिथे हे नीट झालं नाही तिथल्या माणसांना आज महसूल संहितेच्या १५५व्या कलमाखाली लेखनप्रमाद दुरुस्तीचे अर्ज करत फिरावं लागतं.

आणि ते १५ दिवस. खरेदीदाराला, कर्ज देणाऱ्या बँकेला, जमिनीवर प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीला ते जाचक वाटतात. यंत्राने काही सेकंदांत नोंद तयार केली असताना पंधरा दिवस थांबायचं कशाला, असा प्रश्न येतोच. पण हे थांबणं टेबलावरच्या थांबण्यासारखं नाही. कुणाचा तरी हक्क जाणार असेल तर त्याला बोलण्याची सवड मिळावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. कार्यालयातल्या आळसाचा दिवस आणि हरकतीचा दिवस कॅलेंडरवर सारखेच दिसतात, म्हणून प्रणाली आखणाऱ्याला ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यातला प्रत्येक दिवस कापावा. दुसऱ्यातला एकही कापू नये.

त्यातही एक उणीव आहे, आणि ती यंत्राच्या स्वभावातच आहे. नोटीस जाते ती प्रणालीला ज्यांची नावं माहीत आहेत त्यांना. वडील वारले, भावांनी वारस नोंदीचा अर्ज केला आणि लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणीचं नाव त्यात लिहिलंच नाही, तर प्रणालीच्या दृष्टीने ती बहीण नसतेच. २००५च्या कायदेदुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण तिला नोटीस निघत नाही, कारण तिचं नाव कुठल्याही रकान्यात नाही. चावडीवर कागद लागतो, संकेतस्थळावर तो दिसतो, आणि ती सुरतेला किंवा ठाण्याला आपल्या संसारात असते. पंधरा दिवस सरतात, हरकत येत नाही, नोंद प्रमाणित होते. कुठेही नियम मोडलेला नसतो. धनादेश अडवून बसलेल्या बँकेचं मौन संमती धरणं आणि जिला विचारलंच नाही तिचं मौन संमती धरणं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वारसांच्या अर्जात मृताच्या सर्व मुलींची नावं आणि पत्ते, हयात असोत वा नसोत, हा रकाना रिकामा असेल तर अर्ज पुढेच जाऊ नये, आणि जन्म-मृत्यूच्या व शिधापत्रिकेच्या नोंदींशी तो ताडून पाहिला जावा, इतकं तर आजच्या तंत्रज्ञानात अवघड नाही. सेकंदात खरेदीखत पोचवणाऱ्या यंत्रणेकडून ही अपेक्षा जास्त नव्हे.

हरकत आली तर प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. तिथून पुढे स्वयंचलित असं काही नाही. मंडळ अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, कागद पाहतात, जबाब घेतात. शक्यतो वर्षभरात निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. निकालात कारणं लिहावी लागतात : कोणता दस्त ग्राह्य धरला, कोणता का नाही, कुणाचं म्हणणं का फेटाळलं. ती कारणं पटली नाहीत तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि अपिलात पहिल्यांदा वाचली जातात ती हीच कारणं. ‘प्रमाणित’ किंवा ‘रद्द’ हे दोन पर्याय निवडायची सोय पडद्यावर असते. त्या शेजारच्या रिकाम्या चौकोनात मंडळ अधिकाऱ्याने काय लिहिलं आहे, ते पक्षकाराला घरी बसून, पूर्ण, निकालाच्या दिवशीच वाचायला मिळावं.